बिट्टीची पडताळणी : माझ्या देखरेखीखाली

४ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे.
बिट्टीची निवड झाली. सरकारी नोकरी, कायम, तीही अशा खात्यात की खात्याचं नावसुद्धा ती नीट सांगत नाही. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हणाली, एक ऑफिस आहे बाबा. म्हणजे गुप्त स्वरूपाचं असणार. अडचण एकच. आधी पडताळणी. सरकारचा माणूस येणार, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारणार, घराण्याची कुंडली काढणार. रिपोर्ट साफ आला तर तिनं ३० एप्रिलपर्यंत हजर व्हायचं. नाही आला तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला पत्र.
पोरीनं चार वर्षं मान वर केली नाही. लेखी तिनं काढली, मुलाखत तिनं काढली. हे शेवटचं काम मात्र तिच्या हातात नाही. म्हणजे ते माझ्या हातात आलं.
एकतीस वर्षं शाळेत काढली. त्यातली एकोणीस परीक्षा केंद्राचा पर्यवेक्षक. बाकाखालची चिठ्ठी मी दाराबाहेरून ओळखत असे. माणूस पारखायला मला कोणी शिकवायची गरज नाही. निश्चय : डोळ्यांत तेल घालून राहायचं. शांत राहायचं. कमी बोलायचं.

४ मार्च, दुपारी
वरच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई, किराणावाला आणि लिफ्टमध्ये भेटलेला एक अनोळखी गृहस्थ यांना निवडीची बातमी सांगितली. उद्यापासून कमी बोलायचं.

५ मार्च
फॉर्म तपासायला बसलो. लाल पेन, पट्टी, चष्मा, सगळं टेबलावर मांडलं. बिट्टी म्हणाली, फॉर्म कालच पाठवला. चोवीस पानं! राहण्याचे सगळे पत्ते, सगळे नातेवाईक, घरातल्या प्रत्येकाची नोकरी, आणि उमेदवाराला ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्ती. सगळं स्वतःच भरून मोकळी. एकदा डोळ्यांखालून घालू दिला असता तर काय बिघडलं असतं? म्हणाली, मी दोनदा वाचला होता.
दोनदा! मी निकालपत्रक पाच वेळा वाचत असे.
जबाबदार व्यक्ती कोण लिहिल्या, असं विचारलं. आहेत दोघं, म्हणाली. एक तिच्या कॉलेजच्या मॅडम. दुसरा तिचा मामा असणार. मामा बोलायला ढिला आहे, पण माणूस घरचा.

७ मार्च, सकाळी
शत्रूची नोंद करून ठेवतो.
समोरच्या दाराचे बँकवाले. बँकेतून रिटायर्ड, एकटेच, बायको वारलेली, मुलगा परदेशात. आठ वर्षांपूर्वी यांनी जिन्याच्या मोकळ्या जागेत चपलांचा रॅक ठेवला. रॅक मधल्या रेषेच्या पलीकडे, म्हणजे आमच्या बाजूला, चार इंच येतो. मी मोजून दाखवलं. ते हसले. तेव्हापासून बोलणं बंद. आता चौकशीचा माणूस सगळ्यात आधी समोरच्याच दाराची बेल वाजवणार, आणि दारामागे हे बसलेले. आठ वर्षांचं उट्टं काढायला याहून चांगली संधी मिळायची नाही.
दाराच्या भिंगातून लक्ष ठेवायला सुरुवात केली. ९.०५ ला दूध आत. ९.४० ला कचरा बाहेर. ११ ला काही नाही. ११.३० ला काही नाही. पाठ धरली.

९ मार्च
आज माणूस आला! गॅसचं मीटर बघायला आलो म्हणाला. मी मनात म्हटलं, बरं. खुर्ची दिली, चहा दिला, बिस्किटं दिली. आमच्या घरात तीन पिढ्यांत कोणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही, हे सहज बोलता बोलता सांगितलं. बिट्टी लहानपणी सापडलेलं पाकीट परत द्यायला दोन गल्ल्या चालत गेली होती, तेही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग मीटर बघितलं आणि एका कागदावर माझी सही घेतली.
सही! म्हणजे अक्षराचा नमुना. खात्याचं काम पद्धतशीर आहे.
ही म्हणाली, गॅसवाला गेली सहा वर्षं तोच येतो. हिचं निरीक्षण कच्चं आहे. मी त्याला आधी पाहिलेला नाही, हे खरं, पण आधी मी पाहत नव्हतो.

१० मार्च
नवा वॉचमन. याच आठवड्यात नवा वॉचमन कसा? आणि त्याच्याकडे रजिस्टर! या बिल्डिंगमध्ये आजवर कधी रजिस्टर नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाला नाव, वेळ आणि कोणाकडे काम ते लिहायला लावतो. पाणी कुठे मुरतंय हे माझ्या लक्षात आलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. मी स्वतःहून रजिस्टरमध्ये लिहायला सुरुवात केली. सुवाच्य अक्षरात. आज पाच नोंदी. त्यातल्या दोन कचरा टाकायला गेलो त्या. वॉचमन म्हणाला, इथं राहणाऱ्यांनी लिहायचं नसतं. मी म्हटलं, आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही. त्यानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. छाप पडली असावी.

११ मार्च, संध्याकाळी
चाचणी परीक्षा घेतली. निकाल निराशाजनक.
चौकशीवाला ज्यांना गाठू शकतो असे चौघं काढले : शिलाईवाल्या बाई, किराणावाला, तळमजल्यावरचा मेकॅनिक, वॉचमन. चौघांकडे जाऊन, आपण सरकारी माणूस आहोत असं समजून विचारलं की हे कुटुंब कसं आहे.
शिलाईवाल्या बाई म्हणाल्या, माणसं चांगली आहेत, सर जरा डोकं खातात, पण मनानं वाईट नाहीत. मेकॅनिक म्हणाला, सर होय, त्यांना मुलगी आहे? किराणावाल्यानं मला उलट विचारलं की सर, तब्येत बरी आहे ना. वॉचमन म्हणाला, मी येऊन चारच दिवस झाले.
अशी उत्तरं सरकारी फाइलमध्ये गेली तर पोरीचा बट्ट्याबोळ ठरलेला. मुद्दे नाहीत, भाषा नाही, शेवट नाही.

१२ मार्च
आदर्श उत्तर तयार केलं. सकाळचे तीन तास गेले, पण उतरलं सुंदर :
‘सदर कुटुंब अत्यंत सुसंस्कृत, मितभाषी व देशनिष्ठ असून त्यांच्याकडे संशयास्पद व्यक्तींची ये-जा नसते. सदर मुलगी अभ्यासू असून तिचे वडील हे शिस्तप्रिय, निष्कलंक व सर्वांच्या आदरास पात्र असे शिक्षक होत.’
झेरॉक्स काढल्या. चौघांना एकेक दिली, पाठांतराला चार दिवसांची मुदत. हिनं विचारलं की आपणही पाठ करायचं का. हिच्यासाठी वेगळं उत्तर लिहून दिलं, कारण पत्नीनं तेच शब्द बोललेले बरे दिसत नाहीत. हिनं तो कागद पिठाच्या डब्याखाली अंथरला.
बिट्टीला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला टेन्शन नको.

१३ मार्च, संध्याकाळी ६.१५
बँकवाले ४.३० ला पिशवी घेऊन बाहेर पडले. मी मागे. बागेत गेले. कोपऱ्यातल्या बाकावर एक राखाडी शर्टवाला आधीच बसलेला, मांडीवर फाइल. अर्धा तास बोलणं! मी पाण्याच्या टाकीआड उभा होतो. शब्द ऐकू आले नाहीत, पण बँकवाले बोलत होते आणि तो लिहीत होता. मधेच दोघं हसले. कशाला हसले असतील ते सांगायला नको. चार इंचांना आठ वर्षांपूर्वी हसले होते तसंच हसणं होतं.
एक कुत्रं येऊन माझ्याकडे बघून भुंकायला लागलं. घरी आलो.
बिट्टी ५ ला लायब्ररीत गेली होती, ७ ला येईल. परीक्षा संपली तरी रोज लायब्ररी. चार वर्षांत एक दिवस चुकवलेला नाही. असं पोर आहे, आणि तिच्या वाटेत एक रॅकवाला येतोय.

१४ मार्च
उजळणी. किराणावाला तराजूवर साखर घालता घालता खडाखडा म्हणतो. शिलाईवाल्या बाईंचं ‘मितभाषी’ जवळ अडतं, मितभाषी कोण असं विचारतात. मेकॅनिकला ‘सुसंस्कृत’ जमेना. त्याला कागद खिशात ठेवायची परवानगी दिली, फक्त बघायचा नाही. वॉचमन हुशार निघाला, तोंडपाठ. चारच दिवस झाले हे वाक्य त्याला गाळायला लावलं.

१५ मार्च, दुपारी
फॉर्ममध्ये एक कॉलम आहे, हे आज शिलाईवाल्या बाईंच्या भाच्याकडून कळलं. त्याचीही अशीच पडताळणी झाली होती. कुटुंबातल्या कोणावर कधी खात्यामार्फत कारवाई झाली आहे का?
जेवण गेलं नाही.
ही रोजनिशी दुसरं कोणी वाचणार नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. सतरा वर्षांपूर्वी मी दोन महिने विश्रांती घेतली होती. शाळेनं ती दिली होती. कागदावर तिला निलंबन म्हणतात, पण कागदावर काय, काहीही म्हणतात. झालं असं की माझ्या केंद्रावर दोन मुलांचे पेपर अक्षरशः एक निघाले. स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी. दोघं बसलेले वेगवेगळ्या खोल्यांत, म्हणजे मोठं जाळं असणार. उत्तर इतकं उत्तम होतं की ते पोरांचं असणं शक्यच नव्हतं. मी दोघांना भर वर्गातून बाहेर काढलं, पेपर जप्त केले. त्यांचं वर्ष गेलं. नंतर चौकशी समितीनं शोधून काढलं की ते उत्तर माझंच होतं. मीच वर्गात लिहून दिलेलं, आणि पोरांनी पाठ केलेलं.
तांत्रिक दृष्ट्या यात माझी चूक नाही. इतकं हुबेहूब कोणी पाठ करील हे मला कसं कळावं? पण तेव्हा माफी मागा म्हणाले, मी मागितली नाही, म्हणून दोन महिने.
घरी मी प्रशिक्षणाला जातोय असं सांगून रोज सकाळी बाहेर पडत असे. बिट्टी सात वर्षांची होती. तिला यातलं काहीही माहीत नाही. तेव्हा तो कॉलम तिनं ‘नाही’ असाच भरला असणार. अजाणता. आणि बँकवाल्यांना माहीत असेल तर? पोरगी खोटी ठरेल, तीही माझ्यामुळे. हे होता कामा नये. मुळात कोणी उकरूच नये, एवढी पक्की उत्तरं हवीत.
‘निष्कलंक’ हा शब्द चौघांनीही ठासून म्हणायला पाहिजे.

१८ मार्च, दुपारी ३
विजय!
सकाळी १०.३० पासून बागेत होतो. बँकवाले पुन्हा त्या बाकावर येतील असा माझा होरा. आले नाहीत. एक वाजता परत आलो तर कळलं, चौकशीचा माणूस बिल्डिंगमध्ये येऊन गेला! राखाडी शर्टवालाच. माझ्या गैरहजेरीत चौघांनाही भेटला. पण चौघांनीही एक शब्द न चुकता उत्तर दिलं. किराणावाला म्हणाला, साहेबांनी पुन्हा म्हणायला लावलं, मी पुन्हा तसंच म्हटलं. शिलाईवाल्या बाई ‘मितभाषी’ला अडल्या नाहीत. मेकॅनिकनं कागद काढून वाचला, हे नियमाला सोडून झालं, पण वाचला शुद्ध. आणि निष्कलंक तर सगळ्यांनी असं ठासून म्हटलं की साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली.
शंभर टक्के निकाल. एकोणीस वर्षांत माझ्या केंद्राचा असा लागला नव्हता. हिला म्हटलं, अजून आठ दिवसांत पत्र येतं की नाही बघ.

२६ मार्च
पत्र नाही. सरकारी काम आहे.

२ एप्रिल
नाही.

८ एप्रिल
बिट्टीच्या बरोबरच्या दोन मुलींना पत्रं आली. एकीचे वडील तर मागे दारू पिऊन गटारात सापडले होते, असं ऐकतो. त्यांची पडताळणी होते, आणि निष्कलंकांची अडते. कुठेतरी माशी शिंकली आहे, आणि कुठे ते मी १३ मार्चलाच लिहून ठेवलंय.

१४ एप्रिल, सकाळी
बिट्टीनं ऑफिसला फोन केला. फाइल थांबवली आहे. का ते सांगत नाहीत. ती खिडकीपाशी उभी राहिली. हिनं खायला आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. मला म्हणाली, बाबा, तुम्ही कोणाला काही सांगितलंय का? मी म्हटलं, मी तर मूग गिळून बसलोय. एवढं एकच तिच्याशी खोटं बोललो. म्हणजे या महिन्यात.
सोळा दिवस उरले. वाईट वाटतंय. पोरीचा चेहरा बघवत नाही.

१४ एप्रिल, संध्याकाळी
रागाच्या भरात बँकवाल्यांच्या दारासमोर जाऊन उभा राहिलो. बेल वाजवणार होतो. आतून टीव्हीचा आवाज येत होता. जाब विचारायला शब्द जुळवत होतो, तेवढ्यात शिलाईवाल्या बाई जिन्यावरून आल्या, म्हणून त्यांच्या रॅकवरची धूळ झटकल्यासारखं केलं. बाई म्हणाल्या, मिटलं वाटतं तुमचं.

२१ एप्रिल
उद्या सकाळी दहा वाजता साहेब घरी येणार आहेत. राखाडी शर्टवाला. घरातल्या सगळ्यांनी हजर राहायचं. तयारी : हॉलमधलं कपाट आवरलं. सेवागौरवाचं प्रमाणपत्र समोर लावलं. उत्तरं थोडक्यात द्यायची. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. विश्रांतीबद्दल विचारलं तर ताकास तूर लागू द्यायची नाही.

२२ एप्रिल, दुपारी १२.४०
सगळं क्रमानं लिहिलं पाहिजे.
साहेब वेळेवर आले. साधा माणूस, थकलेला, खांद्याला कापडी पिशवी. पाणी मागितलं. मग पिशवीतून चार कागद काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडले. चौघांचे जबाब. मी दुरूनच ओळखले. चारही कागदांवर माझं उत्तर, माझे शब्द, माझा स्वल्पविराम. खरं सांगतो, एक क्षण ऊर भरून आला.
साहेब म्हणाले, “सर, तुम्ही एवढी वर्षं परीक्षा घेतल्यात. चार खोल्यांतून असे चार पेपर आले तर काय कराल?”
मी ताबडतोब म्हणालो, “चौघांनाही बाहेर काढीन.”
उत्तर बरोबर होतं. आजही बरोबर आहे. फक्त ते दिल्यावर ही छताकडे बघायला लागली. बिट्टीनं डोळे मिटून घेतले.
मग साहेबांनी शांतपणे विचारलं की सतरा वर्षांपूर्वीच्या दोन महिन्यांबद्दल काय सांगाल. मी प्रशिक्षण म्हणालो. मग विश्रांती म्हणालो. मग तब्येत म्हणालो. तेव्हा बिट्टी म्हणाली, “बाबा, ते मी फॉर्ममध्ये लिहिलंय. तारखेसकट.”
तिला माहीत होतं. सात वर्षांची असल्यापासून. त्या दोन पोरांपैकी एकाची बहीण तिच्याच वर्गात होती. साहेबांनी फॉर्मचं ते पान काढून वाचलं : वडिलांचं दोन महिने निलंबन झालं होतं. चूक वडिलांची होती. त्यांनी ती घरी कधी सांगितली नाही, आम्हीही विचारली नाही.
आम्ही. म्हणजे हिलाही माहीत होतं.
साहेब म्हणाले की हा फॉर्म त्यांच्या पाहण्यातला सगळ्यात सरळ फॉर्म होता, दोन दिवसांचं काम. पण मुलीनं काहीच लपवलं नसताना वडील चार माणसांना पढवून नक्की काय लपवतायत, हे कळेपर्यंत फाइल पुढे सरकवता येईना. त्यात पाच आठवडे गेले. गॅसवाल्याला, वॉचमनला, सगळ्यांना पुन्हा विचारावं लागलं. बागेतल्या पाण्याच्या टाकीआड कोण उभं होतं हेही त्यांना शोधावं लागलं.
मग त्यांनी पाचवा कागद काढला. म्हणाले, हा एक जबाब वेगळा आहे, पहिल्याच आठवड्यातला. दुसऱ्या जबाबदार व्यक्तीचा.
मामाचा नव्हता. बँकवाल्यांचा होता.

२२ एप्रिल, संध्याकाळी
त्या जबाबात काय होतं ते लिहून ठेवतो, जेवढं आठवतंय तेवढं. वडील भांडखोर आहेत, माझ्याशी आठ वर्षं बोलत नाहीत. माणूस खोटा नाही, पण स्वतःची चूक मान्य करायची वेळ आली की तो दुसऱ्या खोलीत निघून जातो. मुलगी चार वर्षं रोज संध्याकाळी माझ्याकडे गणित शिकते. तिच्या हातात मी घराची किल्ली देईन. दिलेलीच आहे.
चार वर्षं. लायब्ररी समोरच्या दारात होती. दहा पावलांवर. मी भिंगातून पाहत होतो आणि ती मागच्या जिन्यानं त्यांच्या मागच्या दारात जात होती. ही तिच्याबरोबर कधी कधी डबा पाठवत असे.
साहेबांनी जाताना बिट्टीला विचारलं की घरी लायब्ररी सांगत होतीस, हे खोटं नाही का. ती म्हणाली, आहे, तेही लिहिलंय, पान एकोणीस. साहेब आमच्या घरात पहिल्यांदा हसले.
तिच्या उभ्या आयुष्यातलं एकच खोटं, आणि ते तिला माझ्यासाठी बोलावं लागलं. मला ते लागलं. खूप लागलं. ही म्हणाली, चहा घ्या. घेतला.

२३ एप्रिल
विचार केला. बँकवाल्यांच्या जबाबात एक गोष्ट चुकीची आहे. आठ वर्षं नाही, आठ वर्षं दोन महिने. आकड्यांतल्या माणसानं असं करावं?
दुसरं म्हणजे मी दुसऱ्या खोलीत निघून जात नाही. हे आतल्या खोलीत लिहितोय, कारण टेबल इथे आहे.

२६ एप्रिल
पत्र आलं! पडताळणी समाधानकारक. बिट्टीनं हिला मिठी मारली, मग मला. मग दार उघडं टाकून समोर पळाली.
शांतपणे बघितलं तर यात माझा वाटा मोठा आहे. सरकारनं पाच आठवडे आमच्या घराला चाळण लावली आणि खडा सापडला नाही. बाकीच्यांची दोन दिवसांत उरकली. दोन दिवसांत काय कळतं? आमच्यासारखी पक्की पडताळणी बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कोणाची झालेली नाही. हे हिला सांगितलं. ही बॅग भरत होती. म्हणाली, तो टॉवेल द्या.

२७ एप्रिल
जेवताना बिट्टीला विचारलं की ऑफिस कुठे, काम काय, साहेब कोण, पोस्टिंग कुठलं. तिनं वाढून घेतलं. पुन्हा विचारलं. निदान काम बसून आहे की उभं राहून, एवढं तरी. म्हणाली, “बाबा, तिथला नियम आहे. जो सारखं विचारतो त्याचं नाव आम्हाला लिहून द्यावं लागतं. तुमचं सहा वेळा झालं.”
सातव्यांदा तोंडाशी आलं होतं. गिळलं. इतकं अवघड काम मी गेल्या दोन महिन्यांत केलेलं नाही.
मग तिनंच विचारलं की त्या दोन मुलांचं पुढे काय झालं, तुम्हाला कधी कळलं का. माहीत नाही म्हणालो. खरंच माहीत नाही. सतरा वर्षं मी ते कोणाला विचारलंही नाही. ती म्हणाली, एक आता औषधांचं दुकान चालवतो, बरा आहे. दुसऱ्याचं तिलाही माहीत नव्हतं.

२८ एप्रिल
उद्या सकाळी सातची टॅक्सी. स्टेशनवर येतो म्हटलं, तर गेटपर्यंतच या म्हणाली. निश्चय : गेटवर चार शब्द बोलायचे. भाषण नाही. मुद्दे लिहून काढले, नऊ झाले. सहा कापले. उरलेल्या तिनांत माफी आहे. ती कशी मागतात ते नीट माहीत नाही, पण आधी मुद्दा म्हणून लिहिलीय. पाठ केलंय.

२९ एप्रिल, सकाळी ८.०५
पावणेसातलाच टॅक्सी आली. वेळेआधी कशी? माझ्या मनात ते खटकलं. ड्रायव्हर बॅग न उचलता मोबाइलमध्ये बघत होता. बॅग बँकवाल्यांनी खाली आणली. मी जागा करून दिली, ते ‘जरा बाजूला’ म्हणाले, मी ‘हो’ म्हटलं. आठ वर्षं दोन महिन्यांनी. बाकी काही नाही.
वॉचमन, शिलाईवाल्या बाई, सगळे आले होते. बिट्टीनं हिला जवळ घेतलं. बँकवाल्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ती माझ्यासमोर आली. तिन्ही मुद्दे पाठ होते, तोंडावर होते. ती म्हणाली, “येते बाबा.” मी म्हणालो, “एक मिनिट थांब.” कारण एकटी पोरगी, अनोळखी ड्रायव्हर, वेळेआधी आलेली गाडी. आधी गाडीचा नंबर लिहून घ्यायला हवा होता, मग बोलता आलं असतं. खिशातून वही काढली. पेनाचं टोपण निघेना. मागे जाऊन उभा राहिलो, चष्मा पुसला, आकडा आकडा तपासून लिहिला. एकदा वाचला. पुन्हा वाचला.
वर बघितलं तर गाडी कोपऱ्याच्या पलीकडे वळत होती.
ही म्हणाली, तिनं खिडकीतून दोनदा हात केला. पहिल्यांदा सगळ्यांना, दुसऱ्यांदा फक्त तुम्हाला. बराच वेळ हात बाहेर होता.
बाकीचे वर गेले. मी गेटपाशी थोडा उभा राहिलो. नंबर बरोबर उतरलाय, एकही आकडा चुकलेला नाही. त्याचं आता काय करायचं ते मला माहीत नाही.